शेवटून दुसरे

भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत क्रिकेटचा नवा संघ भांडणातून जन्माला येतो. यात्रेच्या वर्गणीचा हिशेब, मागच्या वर्षी जिंकलेला चषक कुणाच्या घरी ठेवायचा, सलामीला कुणी जायचे, अशा कुठल्याही कारणावरून जुना संघ फुटतो आणि रातोरात वरच्या आळीचा वेगळा, खालच्या आळीचा वेगळा असे दोन संघ उभे राहतात. ग्रामदैवत एकच, त्यामुळे दोन्ही संघांचे नावही तेच. मागे फक्त 'अ' आणि 'ब' लागते. 'ब' कुणी व्हायचे यावरून तिसरा संघ निघतो.

नव्या संघाचा पहिला हंगाम पाहणे ही आमच्याकडची उन्हाळ्यातली हमखास करमणूक. एप्रिल-मेमध्ये भाताची खाचरे मोकळी असतात. धसकटे काढायची, मुरूम टाकायचा, रस्त्याच्या कामावरचा रोलर ओळखीने तासभर फिरवून घ्यायचा, की खेळपट्टी तयार. खाचराचा बांध हीच सीमारेषा. एका बाजूचा बांध हाताशी, दुसऱ्या बाजूचा लांब. भावकीत वाटण्या जशा झाल्या तसे मैदान. चेंडू बांध ओलांडून करवंदीच्या जाळीत गेला की सीमारेषेवरचा पोरगा तो आणायला आत शिरतो आणि बराच वेळ बाहेर येत नाही. पंच कमरेवर हात ठेवून उभे. फलंदाज बॅटवर रेलून बसलेला. अखेर पोरगा बाहेर येतो तेव्हा चेंडू हातात असतो आणि ओठ जांभळे झालेले असतात. माइकवरचा गडी लगेच जाहीर करतो, "क्षेत्ररक्षक अल्पोपाहार आटोपून मैदानात परतलेले आहेत. मंडळाच्या वतीने त्यांचे स्वागत."

नवा संघ पहिल्याच फेरीत गारद होतो, हे सांगायला नकोच. मग प्रवेश फी परत मागितली जाते, पंच कुणाच्या मेव्हण्याचे पाहुणे आहेत त्याची वंशावळ निघते, आणि टी-शर्टच्या पाठीवर ज्या प्लॉटिंगवाल्याचा फोटो असतो तो पुढच्या वर्षी दुसऱ्याच संघाच्या पाठीवर दिसतो. एवढा अनुभव गाठीशी असल्यामुळे २०११ साली पुणे शहराच्या नव्या संघाचे जे झाले त्याने बाकीचा महाराष्ट्र चकित झाला असेल. भोर-वेल्हे झाले नाही.

पुण्याला आयपीएलचा संघ मिळाला तो भांडणातून नव्हे, बोलीतून. २१ मार्च २०१० रोजी चेन्नईत दोन नव्या संघांच्या बोली उघडल्या गेल्या. सहारा समूहाने ३७ कोटी डॉलर, म्हणजे त्या वेळच्या हिशेबाने सुमारे १,७०० कोटी रुपये लावून पुणे घेतले. कोचीचा संघ ३३ कोटी ३३ लाख डॉलरला गेला. आयपीएलमध्ये तोवर पुण्याएवढी किंमत कुठल्याच संघाला आली नव्हती. भोरच्या एका सलूनमध्ये ही बातमी मोठ्याने वाचली गेली, तेव्हा तोंडाला फेस लावून खुर्चीत बसलेले तात्या आरशातूनच म्हणाले, "एवढ्यात चेलाडी फाट्यापासून केळदपर्यंतच्या सगळ्या जमिनी आल्या असत्या."

"आणि त्यांवरचे दावे?" बाकावरून कुणीतरी विचारले.

"दावे धरूनच सांगतोय."

मग जानेवारी २०११ मध्ये बंगळूरला खेळाडूंचा लिलाव झाला. जुन्या आठ संघांना आपले चार-चार खेळाडू राखून ठेवायची मुभा होती. मुंबईने सचिन, हरभजन, मलिंगा आणि पोलार्ड ठेवले. चेन्नईने धोनी, रैना, मुरली विजय आणि मॉर्केल. पुणे आणि कोची यांच्याकडे ठेवायला कुणी नव्हतेच. खर्चाची मर्यादा मात्र सगळ्यांना सारखी, ९० लाख डॉलर. त्यातले २१ लाख पुण्याने रॉबिन उथप्पावर आणि १८ लाख युवराज सिंगवर लावले. उरलेल्या पैशांत ग्रॅमी स्मिथ, अँजेलो मॅथ्यूज, आशिष नेहरा, मुरली कार्तिक, जेसी रायडर अशी बरीच मंडळी जमली, तरी तात्यांचे समाधान झाले नाही. "खिल्लारी जोडी भारी घेतली," ते म्हणाले, "पण नांगराला पैसं ठिवलं न्हाईत."

सलूनमधला दुसरा आक्षेप निवृत्त मास्तरांचा होता. संघात आपल्याकडचे कोण, हा त्यांचा प्रश्न. दोन-चार नावे महाराष्ट्राच्या रणजी संघातली निघाली, पण ती बहुतेक वेळ राखीव बाकावर. पुण्याचा केदार जाधव त्या वर्षी खेळत होता तो कोचीकडून! पुण्याचा पोरगा केरळच्या संघात आणि पुण्याच्या संघाचा कर्णधार चंदीगडचा. मास्तरांनी चष्मा काढून पुसला. त्यांनी चष्मा पुसला की आता सतरावे शतक सुरू होणार हे सगळ्यांना ठाऊक असते. "महाराजांनी पहिला गड घेतला तो कुठला? तोरणा. कुठल्या तालुक्यात? आपल्या वेल्ह्यात. बरोबर माणसं कुठली? मोसे खोऱ्यातले बाजी पासलकर, कारीचे कान्होजी जेधे, भुतोंड्याचे येसाजी कंक. लिलाव झाला होता का? नाही. तोरण्यावर धन सापडलं म्हणतात, ते खेळाडूंवर उधळलं का? नाही. त्यातून समोर राजगड बांधला. आधी घर, मग बाकीचं." मास्तरांच्या तोंडून हे ऐकताना कुणाचीही 'पण' म्हणायची छाती होत नाही. पुण्याच्या मालकांनी हे व्याख्यान ऐकले असते तर बरे झाले असते, कारण त्यांच्या संघाला घरच नव्हते.

गहुंज्याचे स्टेडियम तेव्हा तयार व्हायचे होते. म्हणून पुण्याच्या संघाचे घरचे मैदान ठरले नवी मुंबईत, नेरूळचे डी. वाय. पाटील स्टेडियम. भोरहून पुणे, पुण्याहून द्रुतगती मार्ग, खंडाळ्याचा घाट आणि मग खाली नेरूळ. अंतर दीडशे किलोमीटरच्या वर. आमच्या दोन तालुक्यांतून या 'घरच्या' मैदानावर सहज पायी जाऊ शकतील अशी माणसे थोडीच होती, ती म्हणजे वाशीच्या मार्केटात माथाडीचे काम करणारे आमचे गाववाले. आयुष्यभर 'गावाला कधी येतोस' असे विचारून ज्यांना छळले, त्यांना त्या उन्हाळ्यात आम्ही फोन करून विचारू लागलो, 'आपल्या घरच्या मैदानावर गर्दी किती आहे?' त्यांनी सांगितलेली एक गोष्ट मनाला लागली. ४ मेला तिथे पुणे विरुद्ध मुंबई सामना झाला, तेव्हा घरच्या संघासाठी ओरडणारा माणूस शेजारच्यांना विचारून ओरडत होता म्हणे.

पण हे पुढचे झाले. सुरुवात अशी काही झाली होती की विचारू नका. २ एप्रिलला वानखेडेवर भारताने विश्वचषक जिंकला आणि स्पर्धेचा मानकरी ठरला युवराज. ३६२ धावा आणि १५ बळी. तोच आता आमचा कर्णधार. १० एप्रिलला पहिला सामना, पंजाबला हरवले, सात गडी राखून. १३ तारखेला दुसरा, कोचीला हरवले, चार गडी राखून. दोन सामने, दोन विजय! सलूनवाल्या दादांनी पेपरातला गुणतक्ता कापून आरशाच्या कडेला चिकटवला. मुंबईच्या बाजूने बोलणारी अर्धी मंडळी 'आपण काय, महाराष्ट्राचेच' म्हणत सरकून बसली. तात्या म्हणाले, "नांगराची काळजी नव्हती, जमीन भुसभुशीत हाय."

यानंतर पुणे लागोपाठ सात सामने हरले. दिल्लीकडून, मुंबईकडून, चेन्नईकडून, पुन्हा चेन्नईकडून, बंगळूरकडून, राजस्थानकडून आणि पुन्हा मुंबईकडून.

हरणारा संघ पाहणाऱ्या माणसांच्या अवस्था असतात आणि त्या ठरलेल्या क्रमाने येतात. पहिल्या पराभवाला डावपेच चुकलेला असतो. दुसऱ्याला नाणेफेक. तिसऱ्याला खेळपट्टी, चौथ्याला पंच. पाचव्याला समोरच्या संघाचे कौतुक सुरू होते, 'काही म्हणा, ते खेळले चांगले.' सहाव्याला क्रिकेट या खेळातच काही राम उरला नाही असे निदान होते आणि कबड्डीची आठवण निघते. सातव्याला सगळे शांत होतात. ४ मेच्या संध्याकाळी सलूनमध्ये एकाने निर्मळ मनाने विचारले, "आज किती वाजता हरायचंय?" दादांनी कात्री न थांबवता उत्तर दिले, "आठला."

त्या काळी भारनियमन होते, त्याचे उपकार मानले पाहिजेत. शेवटची पाच-सहा षटके राहिली की वीज जायची आणि निकाल रात्रभर लोंबकळत राहायचा. वेल्ह्याच्या आतल्या गावांत पेपर पोचायचा पहिल्या एसटीने. तोवर आपण जिंकलेलोही असू शकतो, या विचारावर माणसे सुखाने झोपली. शहरात चोवीस तास वीज असलेल्या बिचाऱ्यांना हे सुख मिळाले नाही. त्यांना आपला पराभव शेवटच्या चेंडूपर्यंत बघावा लागला आणि वर त्याचे विश्लेषणही.

आरशाच्या कडेचा गुणतक्ता रोज बदलत होता. पुण्याचे नाव खाली सरकत सरकत अशा ठिकाणी आले की ते दादांच्या टॉवेलच्या खुंटीआड गेले. मुद्दाम नव्हे, असे दादांचे म्हणणे. ज्याला पाहायचे त्याने टॉवेल उचलावा. कुणी उचलत नव्हते. मास्तर मात्र पेपरच्या मार्जिनमध्ये पेन्सिलीने आकडेमोड करत होते. नऊ सामने झाले, दोन जिंकले, पाच राहिले. पाचही जिंकले तर सात विजय, चौदा गुण. मग कोलकात्याने राहिलेले सगळे हरायचे, पंजाबने राजस्थानला हरवून स्वतः दुसऱ्या कुणाकडून तरी हरायचे, आणि एका सामन्यात पाऊस यायला हवा. "म्हणजे शक्य आहे," मास्तर म्हणाले. शाळेत याच मास्तरांनी तोंडी गणितात एकाला अर्ध्या मार्कासाठी नापास केले होते. तो खुर्चीत बसला होता, पण काही बोलला नाही.

आणि मग खरेच दोन विजय आले! ८ मेला मोहालीत पंजाबला हरवले, १० मेला हैदराबादेत डेक्कन चार्जर्सना. जानेवारीच्या लिलावात ज्याला कुणीच घेतले नव्हते तो सौरव गांगुली, जखमी नेहराच्या जागी पुण्याकडे आला होता आणि हैदराबादेत त्याने नाबाद ३२ केल्या. आमच्याकडे कुठल्याही संकटात शेवटी कुठल्या तरी दादांनाच बोलवावे लागते, त्यामुळे हा उपाय सगळ्यांना पटला. टॉवेल खुंटीवरून निघाला. मास्तरांनी नवी पेन्सिल काढली. पुढे १६ मेला त्याच डेक्कनने आम्हाला घरच्या मैदानावर, म्हणजे नेरूळला, हरवले. १९ मेला कोलकात्याने हरवले. आणि २१ मेला दिल्लीत पावसाने सामनाच होऊ दिला नाही. मास्तरांनी मागितलेला पाऊस आला, पण उशिरा. तेही आमच्या ओळखीचेच आहे.

हिशेब असा: १४ सामने, ४ विजय, ९ पराभव, एक पावसात वाहून गेलेला. गुण ९. दिल्लीचेही नेमके ९ गुण, पण धावगतीत दिल्ली मागे. म्हणून दहा संघांत पुणे नववे. तात्यांनी निकाल दिला, "शेवटचे न्हाई. शेवटून दुसरे." त्यांच्या आवाजात जो काही अभिमान होता तो नव्या संघाच्या समर्थकालाच कळेल.

या संघात तेव्हा कोण कोण होते हे आज वाचले की आणखी मौज वाटते. उंचापुरा लेगस्पिनर राहुल शर्मा त्याच हंगामात नावारूपाला आला आणि त्याच वर्षी भारताकडून खेळला. भुवनेश्वर कुमार पुण्यात होता. त्याने पुढे हैदराबादकडून २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षे सर्वाधिक बळींची टोपी मिळवली. मनीष पांडे पुण्यात होता. त्याने २०१४ च्या अंतिम सामन्यात ९४ धावा करून कोलकात्याला चषक मिळवून दिला. म्हणजे माणसे चांगलीच होती. फक्त ती आमच्याकडे असताना आम्ही हरत होतो.

माझा एक भाचा अमेरिकेत, वॉशिंग्टनजवळ नोकरीला आहे. त्या उन्हाळ्यात मी फोनवर त्याच्याकडे हे रडगाणे गायलो तर तो म्हणाला, "मामा, तुमचं काहीच नाही. आमच्या हॉकीवाल्यांचं ऐका." ही हॉकी बर्फावरची. पायात पाते लावलेले बूट, हातात काठी, चेंडूच्या जागी रबराची चकती, आणि एका वेळी सहा-सहा माणसे. वेल्ह्यात बर्फ दिसतो तो वळवाच्या गारांचा किंवा यात्रेतल्या गोळ्याचा, तेव्हा समजायला थोडा वेळ लागला. पण आकडे समजायला भाषा लागत नाही. वॉशिंग्टन कॅपिटल्स हा नवा संघ १९७४-७५ च्या हंगामात उतरला. जुन्या संघांनी आपले चांगले खेळाडू राखून ठेवले आणि उरलेल्यांतून निवडा म्हणून सांगितले; आमच्या लिलावासारखेच. हंगामात ८० सामने. जिंकले ८, हरले ६७, बरोबरीत ५. एकाच हंगामात तीन प्रशिक्षक झाले. परगावचे पहिले ३७ सामने ते ओळीने हरले आणि मार्च १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात पहिल्यांदा बाहेर जिंकले, तेव्हा खेळाडूंनी कचऱ्याचा डबा चषकासारखा डोक्यावर धरून बर्फावर मिरवणूक काढली!

हे मी सलूनमध्ये सांगितले. बराच वेळ कुणी बोलले नाही. मग दादा आदराने म्हणाले, "सदुसष्ट?" तात्यांना मात्र डब्यातच रस होता. "नवा होता का वापरलेला?"

आमच्या संघाचे पुढचे दोन हंगाम थोडक्यात सांगतो, कारण जास्त सांगवत नाही. जुळा भाऊ कोची एकाच हंगामात संपला. सप्टेंबर २०११ मध्ये त्याचा करारच रद्द झाला. पुण्याला १ एप्रिल २०१२ रोजी गहुंज्याचे नवे कोरे स्टेडियम मिळाले. युवराज कर्करोगाशी झुंजत होता, त्यामुळे गांगुली कर्णधार झाला. सुरुवातीला पुन्हा दोन विजय, पुन्हा गुणतक्त्याचे कात्रण, पुन्हा टॉवेल. या वेळी शेवटून दुसरे राहणेही जमले नाही. नऊ संघांत नववे. २०१३ मध्ये नऊ संघांत आठवे. त्याच वर्षी २३ एप्रिलला बंगळूरमध्ये ख्रिस गेलने ३० चेंडूंत शतक आणि ६६ चेंडूंत नाबाद १७५ केल्या. तो विक्रम ज्या गोलंदाजीवर झाला ती गोलंदाजी पुण्याची होती. एवढे तरी श्रेय इतिहासाने आम्हाला द्यावे. महिन्याभरात मालकांनी अंग काढून घेतले आणि ऑक्टोबरपर्यंत संघही संपला.

२०१६ च्या हंगामापासून चेन्नई आणि राजस्थान दोन वर्षांसाठी निलंबित झाले, तेव्हा पुण्याला दोनच वर्षांच्या बोलीवर दुसरा नवा संघ मिळाला, रायझिंग पुणे सुपरजायंट्स. कर्णधार साक्षात धोनी. आता घर होते, कर्णधार होता, पण पाणी नव्हते. त्या वर्षी राज्यात भीषण दुष्काळ होता. मैदानांवर पाणी कसले मारता, असा प्रश्न न्यायालयात गेला आणि मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितले. पुण्याचे घरचे मैदान गेले थेट विशाखापट्टणमला. इथे मात्र आमच्या दोन तालुक्यांना हसावे की रडावे कळेना. पानशेतचे धरण वेल्ह्यात. त्याचे पाणी पुणे पिते. भाटघर आणि नीरा देवघर भोरमध्ये. त्यांचे पाणी खालच्या तालुक्यांचा ऊस पितो. धरणाच्या भिंतीजवळच्या वाडीवर मे महिन्यात टँकर येतो. एवढ्या पाण्याचे आम्ही मालक, आणि पाण्यावाचून विस्थापित झाला क्रिकेटचा संघ! तात्या गंभीरपणे म्हणाले, "आपल्याकडच्या धरणग्रस्तांना दौंडात जमिनी दिल्या. ह्यांना समुद्रकाठ मिळाला. चांगलं पुनर्वसन झालं." त्या समुद्रकाठी अॅडम झाम्पाने एका सामन्यात अवघ्या १९ धावांत ६ बळी घेतले आणि पुणे तो सामनाही चार धावांनी हरले. पीटरसन, डू प्लेसी, स्मिथ, मिचेल मार्श असे चार परदेशी खेळाडू एकामागून एक जायबंदी होऊन घरी गेले होते. आठ संघांत सातवे. शेवटून दुसरे, परंपरा राखली.

पुढच्या वर्षी संघाने नावातले शेवटचे एक अक्षर काढून टाकले, कर्णधार बदलला आणि थेट अंतिम सामना गाठला. तिथे मुंबईच्या १२९ धावांपुढे १२८ वर थांबला. नाव बदलल्याने दैव पालटते असे मास्तर तेव्हापासून मानतात. वेल्हे तालुक्याचे नाव राजगड करण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला आहे. रस्ते मात्र अजून पहिल्याच हंगामात आहेत.

दोन वर्षे संपली, तोही संघ संपला. आणि २०१८ मध्ये काय व्हावे? तमिळनाडूत कावेरीच्या पाण्यावरून आंदोलन पेटले, चेन्नईत सामने होईनात, म्हणून चेन्नईचा संघ घर शोधत आला तो गहुंज्यात. पाण्यावरून आमचा संघ बाहेर गेला होता, पाण्यावरूनच त्यांचा आमच्याकडे आला. तेच मैदान, तीच माती, आणि त्या वर्षीचा चषक चेन्नईने जिंकला! म्हणजे मैदानात काही दोष नव्हता, हेही कळले.

दोष कशात होता याचे उत्तर क्रिकेटने नाही, कबड्डीने दिले. प्रो कबड्डी लीग २०१४ मध्ये सुरू झाली, तेव्हा पुण्याचा संघ पुणेरी पलटण पहिल्या हंगामात शेवटचा आला. शेवटून दुसरा नव्हे, चोख शेवटचा. दुसऱ्या हंगामातही शेवटचा. पण संघ मोडला नाही, नाव बदलले नाही, कुणी पाठ फिरवली नाही. पोरे घडवत राहिले, हरत राहिले, हळूहळू कमी हरू लागले. नवव्या हंगामात अंतिम सामना हरले. आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत, नगर जिल्ह्यातल्या अस्लम इनामदारच्या नेतृत्वाखाली, हरियाणा स्टीलर्सना २८-२५ असे हरवून दहाव्या हंगामात विजेते झाले. त्या रात्री सलूनमध्ये गर्दी होती. वीजही गेली नाही.

भाच्याच्या हॉकीवाल्यांचेही पुढे असेच झाले. कॅपिटल्सबरोबर जन्मलेला कॅन्सस सिटीचा संघ दोन हंगामांत गाव सोडून गेला. कॅपिटल्स राहिले. २०१८ मध्ये ते अंतिम फेरीत पोचले, तेव्हा समोर होता लास वेगासचा कोरा करकरीत संघ. ५० कोटी डॉलर मोजून घेतलेला, आणि पहिल्याच हंगामात अंतिम फेरी गाठलेला. हॉकीतल्या सगळ्यात वाईट पहिल्या हंगामाची गाठ सगळ्यात चांगल्या पहिल्या हंगामाशी पडली. कॅपिटल्स ४-१ असे जिंकले. ४४ वर्षांनी पहिला चषक, आणि या वेळी तो खराखुरा होता.

तेव्हा नवा संघ बोलीत घेता येतो, कर्णधार लिलावात घेता येतो, प्रशिक्षक परदेशातून आणता येतो. हरण्याची मुदत मात्र स्वतःच्या पदरची घालावी लागते, आणि तीच सगळ्यात महाग पडते. क्रिकेटच्या मालकांना ती तीन वर्षांतच परवडेनाशी झाली. पलटणने दहा हंगाम भरली आणि चषक घेतला.

पुण्यात पुन्हा कधी कुणाला आयपीएलचा संघ काढायचा झाला, तर आमची एवढीच विनंती आहे. आधी दहा वर्षे हरायची ऐपत आहे का ते पाहा आणि मगच बोली लावा. पाहायला आम्ही आहोतच, आमच्याकडून कमी पडणार नाही. फक्त सामने गहुंज्यालाच ठेवा. नेरूळला परवडत नाही, आणि विशाखापट्टणमला भोर डेपोची गाडी नाही.